तीन भोकांचं तिकीट

नानांनी टेबलावरच्या अल्बमवर तळहात ठेवला, प्लॅस्टिकच्या पानावरून तो हळूहळू फिरवला आणि विचारलं, “हे काय आहे?”

“तुमची तिकिटं, नाना.” महिनाभर या रविवारची वाट बघत असलेल्या सूनबाईच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “चार अल्बम झालेत. आधी मार्ग, मग मालिका, मग नंबर. एक तिकीट तिरकं सापडलं तर सांगा.”

“आणि डबे?”

“गंजले होते. माळ्यावर टाकलेत.”

नाना गप्प झाले. आधी ट्रामवर आणि मग बसवर मिळून चौतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या या माणसाने नुसतं गप्प बसून भल्याभल्या भांडखोर उतारूंना गार केलं होतं. पण ते गप्प बसणं वेगळं आणि हे वेगळं, हे ताईला दारातूनच कळलं. शाळेची बस चालवणारी नानांची ही मुलगी नुकतीच येऊन पोचली होती. चप्पल न काढताच ती टेबलाशी आली, वाकून अल्बम बघितला आणि म्हणाली, “अगं, हे काय करून ठेवलंस!”

“काय केलं?”

“नंबरवारी लावलंस?”

“मग कशी लावतात?”

ताईने कपाळावर हात मारला.

घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला सांगायची राहूनच जाते, तशी ही राहिली होती. सूनबाईला या घरात येऊन नऊ वर्षं झाली, ती कमीच पडली म्हणायची. गोष्ट अशी, की घरात काही घडलं, कुणी जन्मलं, कुणी पास झालं, कुणाचं भांडण मिटलं, की त्या दिवशी नाना एक तिकीट घरी आणायचे. फुकट नाही. स्वतःच्या खिशातलं भाडं चामड्याच्या पिशवीत टाकायचे, स्वतःच्या पंचाने भोक पाडायचे आणि डब्यातल्या शेवटच्या तिकिटामागे ते नवं तिकीट उभं करायचे. तिकिटावर तारीख नसते. नंबर असतो आणि टप्पे असतात. तारीख होती ती फक्त डब्यातल्या जागेवर, आणि ती जागा नानांच्या बोटांना पाठ होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. समोरच्या माणसाचे कान दिसतात आणि चेहरा दिसत नाही, असं झालं. तेव्हापासून बोटांवरच सगळी भिस्त होती. आज पाच वाजता जुन्या ट्राम डेपोतल्या संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. नानांनी एकेक तिकीट काढून त्या दिवसाची हकिगत सांगायची, बाईंनी ती रेकॉर्ड करायची आणि मग सगळं घेऊन जायचं, असं ठरलं होतं. नानांनी त्यासाठी दोनदा दाढी केली होती.

“पण नंबरावरून काळ कळेल ना?” सूनबाईचा आवाज आता खाली आला होता. “लहान नंबर आधीचा, मोठा नंतरचा.”

“नाही कळणार.” हे बोलली आत्या. नानांची ही धाकटी बहीण, जिथे ही तिकिटं छापली जायची त्याच छापखान्यात सव्वीस वर्षं होती. “नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले, की आम्ही पुन्हा एकपासून सुरू करायचो. तुझ्या या एका पानावर चार दशकं मांडीला मांडी लावून बसलीत बघ.”

सूनबाईचा नवरा स्टूल ओढून बसला. लिफ्ट दुरुस्त करणारा एकेचाळीस वर्षांचा बाप्या, पण घरात अजून गोट्याच. “विचारायचं तरी होतंस कुणाला,” तो बायकोला म्हणाला.

“तुलाच विचारलं होतं! तू म्हणालास, कर, नानांना सरप्राइज देऊ.”

“असं म्हणालास तू?” ताई आतापर्यंत सूनबाईकडे तोंड करून उभी होती, ती आता भावाकडे वळली. “तुला माहीत नव्हतं डब्यांचं? आणि आता सगळं तिच्या माथी मारतोस? चोराच्या उलट्या बोंबा!”

“मला वाटलं, ती डब्यातल्या क्रमानेच चिकटवेल.”

“चिकटवलेलं नाही,” सूनबाई घाईने म्हणाली. “खिशात सरकवलंय. गोंदाचा थेंब नाही कुठं.”

“तेवढं तरी बरं केलंस,” आत्या म्हणाली. छापखान्यातल्या माणसाला गोंदाची भीती वाघापेक्षा जास्त.

नानांना राग आला नव्हता. राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांना भीती वाटली होती. पाचवा डबा उघडून तिसरं बोट आत घातलं की मुलीला पहिल्यांदा मोठी बस चालवायचं लायसन मिळालं तो दिवस हाताला लागायचा. दुसऱ्या डब्याच्या मधोमध आईचं दुखणं उतरलं तो दिवस होता. आता ते दिवस कुठे गेले? माणसं तोंडाने सांगतील, पण हाताला लागणार नाहीत.

“एकूण किती निघाली?” त्यांनी विचारलं.

“चारशे तेवीस.”

“चारशे बारा असायला हवीत.”

“तीनदा मोजलीत मी.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर माई वाटाणे सोलत होत्या. त्यांच्या हातातली शेंग अर्धी उघडून थांबली. “मोजताना चुकलं असेल,” त्या म्हणाल्या.

“माई, मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. दिवसाला तीनशे फायली मोजते.”

“सात डब्यांत चारशे बाराच होती,” नाना म्हणाले.

“आठ डबे होते, नाना.”

“सात.”

“आठ. कपाटावर एका रांगेत होते. मीच उतरवले.”

“आठ काय नि नऊ काय!” माई म्हणाल्या, आणि वाटाणे भराभर पातेल्यात पडायला लागले. “पाचला ती बाई येईल. त्याआधी काय करायचं ते बघा.”

*

सूनबाई आतल्या खोलीत गेली, ती रडायला गेली असं सगळ्यांना वाटलं. ताई तिच्यामागे जायला उठलीही. पण सूनबाई परत आली ती कामावरचं लांब रजिस्टर आणि दोन पेन्सिली घेऊन. डोळे लाल होते, पण पेन्सिलींना टोक होतं.

“मोडलं मी आहे, तर लावेनही मीच,” ती म्हणाली. “पण दिवस मला माहीत नाहीत. ते तुम्ही सांगायचे. एकेक तिकीट घेऊ. ज्याला जे आठवेल ते बोला, मी नंबरासमोर लिहून घेते.”

“चारशे तिकिटं? पाचपर्यंत?” गोट्या म्हणाला.

“तू आधी माळ्यावर चढ आणि डबे काढ,” आत्या म्हणाली. “ही पोरगी बरोबर बोलतेय. चूक झाली म्हणून हातपाय गाळण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एकदा अख्खी मालिका उलटी छापली गेली होती, ती आम्ही रात्रीत सुलटी केली. दादा, तू बाकावर बस. तुझी बोटं लागतील.”

आत्या आणि सूनबाई यांचं फारसं पटत नाही, असा घरात समज होता. तो त्या दुपारी मोडला. दोघींनी जमिनीवर चादर अंथरली आणि अल्बम रिकामे केले. आत्याने प्रथम सगळं कागदावरून वेगळं केलं. हा जाड कागद ट्रामच्या काळातला, हा पातळ बसचा. गुलाबी दिसला की ती म्हणायची, “हे एकाच वर्षाचं. पांढरा कागद मिळेना, आठ महिने गुलाबीवर छापलं. गोट्याचं वर्ष.”

मग नानांच्या अंगठ्याची पाळी आली. त्या काळी प्रत्येक कंडक्टरच्या पंचाचं भोक निराळं असायचं, म्हणजे कुणी घोटाळा केला तर भोकावरून माणूस पकडता यावा. कुणाचं चौकोनी, कुणाचं पानासारखं. नानांचं अर्धचंद्र. आणि एका वर्षी पंच त्यांच्या हातातून रुळांवर पडला, तेव्हापासून त्या चंद्राच्या एका टोकाला बारीक खरखर राहिली. नानांनी अंगठा फिरवला की त्यांना कळायचं. “खरखरीत. पडल्यानंतरचं.” “गुळगुळीत. आधीचं. पुढे घे.”

तासाभरात चादरीवर चार ढिगांचे सोळा झाले. मग भांडणं सुरू झाली, आणि भांडणं सुरू झाली तसं काम झपाट्याने पुढे सरकलं.

“हे माझ्या जन्माचं,” ताई म्हणाली. “शेवटच्या टप्प्याचं पूर्ण तिकीट. नाना तेव्हा शेवटच्या टप्प्यावर होते, तिथे निरोप आला.”

“आणि माझं?” गोट्याने विचारलं.

“तुझं हे. गुलाबी. अर्धं.”

“अर्धं का?”

“मुलांचं तिकीट अर्धंच असतं.”

“तू काय मोठी होऊन जन्मलीस?”

“पूर्ण तिकिटांचा गठ्ठा संपला होता त्या दिवशी,” नाना म्हणाले. ओठांच्या कडेला हसू आलं होतं, दोन वाजल्यापासूनचं पहिलंच. “तुझं अर्धं राहिलं ते राहिलंच. नंतर बदलून घेईन म्हटलं, पण मग ते खरं राहिलं नसतं.”

गोट्याने ते गुलाबी कागदाचं चिटोरं बराच वेळ हातात धरलं. एकेचाळीस वर्षांत ते त्याने कधी नीट बघितलंच नव्हतं. नानांचे डबे म्हणजे नानांचे, त्यात आपण हात घालायचा नाही, एवढंच त्याला माहीत होतं. “हे लिहून घे,” तो बायकोला म्हणाला. “गठ्ठा संपला होता, तेही लिही.”

“लिहिलं,” सूनबाई म्हणाली. “आणि तू पाहुण्यासारखा नुसता बसू नकोस, पुढचा ढीग सरकव.”

दुपारचे चार वाजले तेव्हा रजिस्टरची अकरा पानं भरली होती. काही तिकिटं कुणालाच ओळखता आली नाहीत. ती सूनबाईने ‘साधा दिवस’ असं लिहून बाजूला ठेवली. नाना म्हणाले, साधा दिवस असता तर मी आणलंच नसतं. पण चिडून म्हणाले नाहीत. सात डबे पुसून ओळीने मांडले गेले होते आणि त्यांत तिकिटं पुन्हा उभी राहत होती. नानांनी पाचव्या डब्यात तिसरं बोट घातलं. लायसन तिथंच होतं.

“आहे,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “सूनबाई, हे माझ्या एकट्याच्या डोक्यात होतं. मी गेलो असतो तर नुसते कागद उरले असते. आता तुझ्या वहीत आहे. बरं झालं.”

सूनबाईने पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं, खरं तर त्याची गरज नव्हती.

*

संग्रहालयाच्या बाई पाचला आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, त्यामुळे चहाचा कप त्यांना धरता येईना. नानांनी पहिल्या डब्यापासून सुरुवात केली. अगदी पहिलं तिकीट त्यांनी वर धरलं.

“या दिवशी ही माझ्याशी पहिल्यांदा बोलली,” त्यांनी माईंच्या दिशेला मान हलवली. “शर्टांच्या कारखान्यातून सुटून माझ्या ट्राममध्ये चढायची.”

“मी नाही. तुम्ही बोललात,” माई म्हणाल्या.

“हा वाद पन्नास वर्षं चालू आहे,” ताईने बाईंना समजावलं. “त्याचं रेकॉर्डिंग नाही केलंत तरी चालेल.”

“मी विचारलं, रोज कुठे जाता,” नाना म्हणाले. “पण ते तिकीट देताना विचारावंच लागतं. ते बोलणं नव्हे. ही उत्तर देऊन वर हसली, ते बोलणं.”

तासभर असं चाललं. पहिला डबा संपला. उरलेलं पुढच्या रविवारी करू, असं ठरलं. बाई आवरायला लागल्या तेव्हा सूनबाईने रजिस्टरच्या मागून एक पाकीट काढलं. त्यावर तिने महिन्यापूर्वीच ‘किरकोळ’ असं लिहून ठेवलं होतं.

“ही अकरा कुठेच बसत नाहीत,” ती म्हणाली. “जास्तीची अकरा हीच. आठव्या डब्यातली. निळी आहेत, आणि प्रत्येकाला तीन भोकं आहेत.”

बाईंनी पाकिटात बघितलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. “हे ट्रान्सफर आहेत! बदलीची तिकिटं! कुठे मिळाली तुम्हाला? आमच्याकडे एकसुद्धा नाही. कुणाकडेच नाही.”

“असणारच नाही,” नाना म्हणाले. “एका ट्राममधून उतरून दुसरी पकडायची असेल तर हे द्यायचं. पण दुसऱ्या गाडीचा कंडक्टर ते काढून घ्यायचा. जमा झालेली सगळी रोजच्या रोज डेपोत जाळायचे. शिल्लक राहिलंय म्हणजे दुसरी गाडी कुणी पकडलीच नाही. बघू.”

सूनबाईने त्यांच्या हातात एक दिलं. नानांचा अंगठा पहिल्या भोकावर गेला.

“अर्धचंद्र,” ते म्हणाले. “माझं आहे. गुळगुळीत. पंच पडायच्या आधीचं. हे मार्गाचं भोक. हे दिशेचं. आणि हे...” कागदाच्या कडेला तास छापलेले असतात. अंगठा वरून खाली मोजत आला आणि थांबला. “सात. दुसरं द्या.” दुसरंही सात. तिसरंही सात. अकराच्या अकरा सातची.

“म्हणजे काय, नाना?” गोट्याने विचारलं.

“सात वाजेपर्यंत चालेल, असं. पण माझी गाडी चौकात सहाला पोचायची. सहाचंच भोक पाडायचा नियम होता.” नानांचे कान लाल झाले. “एकीला मी सातचं पाडून द्यायचो. एक तास वाढवून. दिवसभर मशीनवर बसून आलेली असायची, आणि चौकातली पहिली गाडी नेहमी खच्चून भरलेली. म्हटलं, धक्काबुक्की नको, मागच्या गाडीने बसून जाईल. तपासनीस आला असता तर नोकरी गेली असती. चौतीस वर्षांत केलेली लबाडी तेवढी एकच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.”

खोलीतले सगळे माईंकडे बघायला लागले.

महिन्यापूर्वी खिडकीत बटणांनी भरलेली काचेची बाटली दिसली, तेव्हाच माईंना कळलं होतं, की सूनबाईने कपाटावरचा आठवा, म्हणजे आपला बटणांचा डबाही रिकामा केला, आणि बटणांखालचंही तिच्या हाती लागलं. महिनाभर त्या काही बोलल्या नव्हत्या. आधी लाज वाटली, या वयात कसली लाज म्हणून स्वतःचाच राग आला, आणि मग वाटलं, बघू या काय होतं. आता मात्र त्यांना हसूच आलं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

“मला काय माहीत तासाचं,” त्या म्हणाल्या. “मी भोक कधी बघितलंच नाही.”

“मग गाडी का नाही पकडलीस?” नानांनी विचारलं. “घर अर्ध्या तासावर होतं तुझं.”

“चालत जायचे.”

“अकरा दिवस?”

“गाडीत चढले असते तर त्या दुसऱ्या कंडक्टरने हे काढून घेतलं असतं ना.”

ताईने तोंडावर हात धरला.

“अहो, पण मग ट्रान्सफर मागितलंच का?” बाईंनी विचारलं. हातमोजे त्यांनी कधी काढले, ते त्यांनाही कळलं नसावं. “चालतच जायचं, तर साधं तिकीट घ्यायचं.”

“साध्या तिकिटाला एकच भोक,” माई म्हणाल्या. “टक् केलं की पुढे गेले. याला तीन. पंच चालवायचा, मार्ग बघायचा, दिशा बघायची, तास बघायचा. तेवढा वेळ माझ्या बाकाशी उभं राहावं लागायचं यांना.”

आत्या आधी हसली. मग ताई, मग गोट्या, आणि मग सगळेच हसायला लागले. नाना तेवढे हसले नाहीत. ते हातातला कागद चाचपत होते.

सूनबाईने रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर पहिल्या ओळीत तिने ‘पहिल्यांदा बोलले (कोण, वाद आहे)’ असं लिहिलेलं होतं. तिच्या वर समासात थोडीच जागा होती. “म्हणजे हा आठवा डबा नाहीच,” ती म्हणाली. “हा पहिला. बाकी सगळे याच्या मागे.”

बाईंनी पाकिटाकडे बघितलं, माईंकडे बघितलं, आणि मागायचं मनात आलेलं तसंच गिळून त्या पर्स भरू लागल्या. शहाणी बाई होती.

माई उठल्या. मांडीवरचं पातेलं त्यांनी खाली ठेवलं, टेबलावरची दहा आणि नानांच्या हातातलं एक, अशी सगळी निळी तिकिटं गोळा केली, नीट जुळवली आणि नानांच्या तळहातावर ठेवली.

“घ्या. जमा करून घ्या.”

नानांनी वरच्या तिकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं.

“सव्वासहा,” सूनबाई म्हणाली.

“मग चालेल अजून,” नाना म्हणाले, आणि सरकून त्यांनी माईंना बाकावर जागा करून दिली.